मांडवाची शेवटची रांग

अंतरपाट खाली यायला एक सेकंदही लागत नाही. शेवटचं ‘सावधान’ म्हटलं जातं, वाजंत्री एकदम उसळते, कापड बाजूला सरकतं, आणि अक्षतांनी हवा भरेपर्यंत नवरानवरीची नजरानजर होऊनही गेलेली असते. लग्नाच्या शूटिंगमधलं बाकीचं बरंच काही दुसऱ्यांदा मागता येतं. हार पुन्हा घालायला लावता येतो, नमस्कार ‘जरा हळू’ म्हणून परत करवून घेता येतो, घास भरवणं तर तीनतीनदा चालतं. अंतरपाट मात्र पुन्हा धरत नाहीत. त्यामुळे शूटिंगवाल्याने एचडी कॅमेरा घ्यावा की जुन्यावरच अजून दोन मोसम काढावेत, या प्रश्नाची परीक्षा त्या एका सेकंदापाशीच होते, असं या धंद्यात सगळे धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे.

उटनूरच्या शूटिंगवाल्याला असे सेकंद एकाहून जास्त सांभाळावे लागतात. आदिलाबाद जिल्ह्यातलं हे गाव तेलंगणात, पण मराठीच्या हाकेच्या अंतरावर. 1956 साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा याच जिल्ह्यातले किनवट आणि राजुरा हे तालुके मुंबई राज्याकडे गेले, उटनूर आंध्र प्रदेशात राहिलं. सोयरिकी मात्र नकाशा पाहून जुळत नाहीत. किनवट-माहूरकडून वऱ्हाड येतं, पांढरकवड्याकडे लेक जाते. मराठी घरात अंतरपाट. तेलुगू घरात पडद्याआडून एकमेकांच्या डोक्यावर जिरं-गुळाचा लगदा ठेवतात तो मुहूर्त, मंगळसूत्र त्यानंतर. मग तलंब्रालु, म्हणजे हळदीचे तांदूळ ओंजळीने एकमेकांच्या डोक्यावर ओतण्याची चढाओढ. मराठी बोलणाऱ्या आंधांच्या वस्तीत एक रीत, गोंडांच्या गुड्यात दुसरी, आणि तिथे घरी मराठीच बोलणाऱ्या परधानाच्या हातात किकरी हे तंतुवाद्य. कुठल्या घरात कुठे उभं राहायचं हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या कॅमेऱ्यात मुहूर्ताच्या वेळी भटजींची पाठ येते. ती एचडीत आली तरी पाठच असते.

नवा कॅमेरा घ्यावा का, हा प्रश्न पडण्याचा मोसमही ठरलेला आहे. मराठी घरांत आषाढी एकादशी ते तुळशीचं लग्न मांडव घालत नाहीत. तेलुगू घरांत आषाढ वर्ज्य, पण श्रावणात पुन्हा मुहूर्त निघतात. पंचांग दोन्हीकडे शालिवाहन शकाचं आणि अमान्त महिन्यांचं, रीत मात्र दोन. म्हणून सीमेच्या या बाजूला शूटिंगवाल्याला सलग रिकामा मिळतो तो एकादशीनंतरचा आषाढ. बाहेर पाऊस, आत डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांशेजारी कॅमेरा, लेन्सवर बुरशी चढू नये म्हणून बंद केलेला. उन्हाळी लग्नांची उधारी अजून पूर्ण वसूल व्हायची असते. याच दिवसांत वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले जातात.

आकडे तसे सोपे आहेत. व्हीएचएस ही पद्धत जपानात 1976 साली आली. भारतात दूरदर्शनला रंग चढला 1982 मध्ये, आणि त्यानंतरच्या दशकात खांद्यावरचा जड कॅमेरा लग्नाच्या मांडवात शिरला. व्हीएचएसच्या चित्रात आडव्या दिशेने जेमतेम 240 रेषांचा तपशील मावायचा, रंगाचा तर त्याहूनही कितीतरी कमी. लाल रंगाचे हाल सर्वांत वाईट. नवरीचा लाल शालू काठाबाहेर सांडायचा, कुंकू कपाळावर पसरायचं. 1995 मध्ये डिजिटल मिनी-डीव्ही आली. तिच्या चित्रात 720 गुणिले 576, म्हणजे 4,14,720 ठिपके. फुल एचडीत 1920 गुणिले 1080, म्हणजे 20,73,600. बरोबर पाचपट. फोर-के म्हणजे त्याच्याही चौपट. गुणाकार कुठेही चुकत नाही, आणि दुकानदार दाखवतो तो एवढाच गुणाकार. मांडवात उतरल्यावर भागाकार सुरू होतो.

पहिला भागाकार प्रकाशाचा. गोरज मुहूर्त कितीही वेळेवर लागला तरी वरात निघेपर्यंत अंधार पडतो. गुड्यातल्या लग्नाला तर एकेका ट्यूबलाइटचा आधार. एचडी कॅमेरे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांच्या पोटातली चिप जुन्याच आकाराची होती, एक तृतीयांश इंचाची. तेवढ्याच जागेत जास्त ठिपके बसवायचे तर प्रत्येक ठिपका लहान, आणि त्याच्या वाट्याला येणारा उजेडही कमी. सोनीच्या पीडी-170 या जुन्या डीव्ही कॅमेऱ्याला किमान 1 लक्स प्रकाश पुरतो असं कंपनीच सांगत असे. त्याच कंपनीच्या 2004 सालच्या एफएक्स-1 या एचडीव्ही कॅमेऱ्याला 3 लक्स लागत. नवं यंत्र जुन्यापेक्षा रातांधळं निघालं. शहरातल्या हॉलमध्ये ते कोणाच्या लक्षात आलं नाही. गावच्या मांडवात मात्र पडद्यावर दाणे वळवळू लागले, आणि नवीन कॅमेऱ्यापेक्षा जुना बरा म्हणणारे खोटं बोलत नव्हते.

त्या काळातला खरा प्रकाशयोजनाकार म्हणजे हॅलोजन धरणारा पोरगा. एका हातात हजार वॅटचा दिवा, दुसऱ्या हातात वायरचं वेटोळं, तोंडावर घाम. तो ज्या दिशेला वळे तिथलं लग्न उजळे आणि उरलेलं विझे. त्या उजेडात पाहुणे डोळे बारीक करत, म्हातारी माणसं पदर कपाळावर ओढून घेत, लहान मुलं रडत. जुन्या कॅसेटमध्ये सगळं वऱ्हाड रागावल्यासारखं दिसतं, त्याचं कारण मानपानात शोधायची गरज नाही. त्या पोरांपैकी कितीतरी जण पुढे स्वतः शूटिंगवाले झाले. कुठला माणूस कधी रडणार, हे ते दिवा धरता धरताच शिकले होते.

2008 मध्ये कॅनन फाइव्ह-डी मार्क टू हा फोटोचा कॅमेरा फुल एचडी व्हिडिओ काढू लागला. त्याची चिप 36 गुणिले 24 मिलिमीटरची, जुन्या फिल्मच्या चौकटीएवढी, त्यामुळे अंधाराची तक्रार बरीचशी मिटली. पण त्याची एक फाइल 4 जीबीवर थांबे, म्हणजे बारा मिनिटांच्या आसपास. नंतरचे बरेच फोटो कॅमेरे अर्ध्या तासाला एक सेकंद कमी असताना थांबत. त्याहून जास्त वेळ सलग चालणाऱ्या कॅमेऱ्याला युरोपात व्हिडिओ कॅमेऱ्याचा वाढीव जकातदर लागे म्हणून. ब्रसेल्समधल्या जकातीच्या नियमाचा मंगलाष्टकांशी असा संबंध येतो. भटजींची मंगलाष्टकं झाल्यावर मामांची, मग आत्याबाईंनी वहीत लिहून आणलेली, मग पत्रिकेत नाव राहून गेलेल्या काकांची. तासाचं गणित चुकलं की ऐन ‘सावधान’ला लाल दिवा विझलेला असतो. त्यात वैशाखातलं आदिलाबादचं ऊन. माणसांप्रमाणे हे कॅमेरेही तापतात, पण माणसांप्रमाणे सोसत नाहीत. सरळ बंद पडतात.

दुसरा भागाकार फितीचा. एचडीव्ही हे स्वस्तातलं एचडी जुन्याच मिनी-डीव्ही कॅसेटवर उतरत असे, आणि सेकंदाला तेवढेच 25 मेगाबिट वापरून. चित्र मात्र पावणेचार पट. एवढं सामान जुन्याच पिशवीत कोंबायचं तर घड्या घालाव्या लागतात. बारा चौकटींच्या गाठोड्यात एकच चौकट पूर्ण, बाकीच्या अकरांत आधीपेक्षा काय बदललं एवढीच नोंद. जुन्या डीव्हीत प्रत्येक चौकट स्वतंत्र होती. फितीवर धुळीचा कण आला तर सेकंदाचा पंचविसावा भाग बिघडे. एचडीव्हीत त्याच कणाने अख्खं गाठोडं सुटे, म्हणजे जवळपास अर्धा सेकंद चित्र गोठे. अंतरपाट खाली यायला तेवढाच वेळ लागतो.

आवाजाकडे तर कोणी पाहिलंच नाही, कारण आवाज दिसत नाही. डीव्हीत आवाजासाठी सेकंदाला 1536 किलोबिट राखलेले होते. एचडीव्हीत ते 384 झाले. चित्र वाढलं आणि आवाज चतकोर राहिला. अर्थात तोही बहुतेकदा कुणाच्या कानावर पडत नाही. मिक्सिंगच्या टेबलावर पहिली कात्री आवाजालाच लागते. हळदीच्या वेळी घरातल्या बायांनी म्हटलेली गाणी, आहेर लिहिताना मायकवर पुकारलेली नावं, पाठवणीला आईने लेकीच्या कानात काहीतरी सांगितलं ते, या सगळ्यावरून त्या वर्षीचं सिनेमातलं गाणं फिरवलं जातं. दहा वर्षांनी ते गाणं तर कुठेही मिळतं. बायांची गाणी फक्त त्या कॅसेटमध्ये होती.

तिसरा भागाकार पोचवण्याचा. एचडीत काढलेलं लग्न बरीच वर्षं घरी गेलं ते डीव्हीडीवरून, आणि डीव्हीडीचं चित्र पुन्हा 720 गुणिले 576. विहीर खोल खणली, पोहरा जुनाच. ब्लू-रे 2006 मध्ये बाजारात आली, 25 जीबीची. पण तिचा प्लेअर कोणाच्याच शोकेसमध्ये दिसला नाही. मधल्या काळात घरातला टीव्ही मात्र बदलला. चौकोनी पेटी गेली, रुंद पाटी भिंतीवर आली. जुनं लग्न तिच्यावर पडदाभर ताणून लावलं की सगळं वऱ्हाड एक तृतीयांशाने जाड दिसतं. सडपातळ नवरदेव पैलवान होतो, कळशी घागर होते. घरातली मंडळी हसतात आणि म्हणतात, तेव्हाचं शूटिंग असंच असायचं. शूटिंग ठीक होतं. रिमोटवरचं एक बटण चुकलेलं असतं.

पेन ड्राइव्ह आणि मोबाइल आल्यावर हा अडसर निघाला, आणि मग स्पष्टता खरोखर घरात पोचली. तिचं स्वागत सरसकट झालं नाही. जुन्या धूसर चित्रात एक प्रकारची माया होती. ती सुरकुत्या पोटात घालायची, मांडवाच्या कनातीची ठिगळं झाकायची, उसन्या दागिन्याला सोन्याची झाक द्यायची. एचडीत पावडरची रेघ कुठे संपते ते दिसू लागलं. ब्यूटी पार्लरच्या पाटीवर ‘एचडी मेकअप’ हा वेगळा दर लागला, म्हणजे कॅमेऱ्याच्या नव्या डोळ्यासाठी चेहऱ्यालाही नवं उपकरण घ्यावं लागलं. शूटिंगवाल्याचंही उघडं पडलं. लहान पडद्यावर खपून जाणारा फोकस मोठ्या पडद्यावर खपेना. नवरीच्या डोळ्यांऐवजी मागचं झेंडूचं तोरण स्पष्ट आलं तर त्याला ‘सिनेमॅटिक’ म्हणून वेळ मारून नेता येते, पण एकदाच.

सांभाळण्याची बाब मात्र कोणी फारशी बोलून दाखवत नाही. कॅसेटच्या जमान्यात मूळ शूटिंग ही हातात धरता येणारी वस्तू होती. दुकानाच्या फळीवर ओळीने कॅसेटा, कडेला चिकटवलेल्या कागदावर नवरानवरीची नावं आणि तारीख. दमट हवेत बुरशी लागे, तरी वस्तू असे. कार्ड आल्यावर ती फळी रिकामी झाली. कार्ड महाग, म्हणून ते पुसून पुढच्या लग्नाला वापरायचं. सेकंदाला 24 मेगाबिटच्या एचडीला तासामागे सुमारे 11 जीबी लागतात. दोन कॅमेरे सहा तास चालले तर 130 जीबी. 100 मेगाबिटच्या फोर-केत तेच 540 जीबी होतात. एवढं सगळं किती दिवस ठेवणार? पैसे चुकते झाले, पेन ड्राइव्ह हातात दिला, की हार्ड डिस्क रिकामी करायची. चित्र जितकं स्पष्ट होत गेलं, तितकं त्याचं मूळ अल्पायुषी होत गेलं. दुसरीकडे, ज्यांच्याकडे कॅसेट उरली त्यांच्याकडे ती लावायला यंत्र उरलं नाही. जपानच्या फुनाई कंपनीने 2016 च्या जुलैमध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, आणि मग जगात ते बनवणारं कोणी राहिलं नाही.

या डोंगरपट्ट्यात चित्रं सांभाळली गेल्याचं एक जुनं उदाहरण आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हाइमेनडॉर्फ आणि त्यांची पत्नी बेटी हे उटनूरच्या पूर्वेला, जैनूरजवळच्या मारलावाईत झोपडी बांधून गोंडांमध्ये राहिले. राज गोंडांवरचं त्यांचं पुस्तक 1948 मध्ये निघालं; दोघांची समाधी आज मारलावाईतच आहे. त्यांनी काढलेली छायाचित्रं लंडनच्या सोआस या संस्थेत जपलेली आहेत. काढताना त्यांचा विषय होता नाच, पूजा, लग्नाचे विधी, शेताची कामं. आज पुस्तकातून किंवा पडद्यावरून ती गावात परत येतात तेव्हा बघणाऱ्याची नजर विधीवर फार वेळ थांबत नाही. विधी तर अजून चालू आहेत. नजर सरकते ती कडेला, जिथे कोणीतरी सहज उभं होतं. हा कोणाचा आजा, ती कोणाच्या घरची.

लग्नाच्या चित्राचंही तेच होतं, फक्त तितकी वर्षं लागत नाहीत. पहिल्या वर्षी नवरानवरी स्वतःला पाहतात. पाचव्या वर्षी मुलांना ‘आई बघ कशी दिसायची’ म्हणून दाखवतात. पंधराव्या वर्षी कोणीतरी रिमोट हातात घेऊन सगळं पुढे पळवतं आणि पंगतीपाशी थांबतं. तिथे आजी पाट सारून बसलेली असते, किंवा बाप वाढप्याला काहीतरी ओरडून सांगत असतो, किंवा नंतर अकाली गेलेला भाऊ खांद्यावर उपरणं टाकून मांडवाच्या टोकाला उभा असतो. नवरानवरीचा चेहरा जवळून काढलेला असतो. तो व्हीएचएसमध्येही ओळखू येतो. भाऊ शेवटच्या रांगेत असतो. त्याच्याकडे मुद्दाम कॅमेरा कोणी वळवलेला नसतो, कारण तो घरचाच होता.

इथे पुन्हा आकड्यांकडे यावं लागतं. मांडवाच्या लांब दृश्यात शेवटच्या रांगेतला उभा माणूस चित्राच्या उंचीचा आठवा भाग व्यापतो असं धरलं, आणि चेहरा माणसाच्या उंचीचा साधारण आठवा भाग असतो, तर चेहऱ्याच्या वाट्याला चित्राच्या उंचीचा चौसष्टावा हिस्सा येतो. जुन्या डीव्हीत तो होतो नऊ ओळी. नऊ ओळींत माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते घरच्यांना उपरण्यावरून ओळखावं लागतं. फुल एचडीत सतरा ओळी. सतरा ओळींत नाक, मिशी, कपाळाची ठेवण उतरते. फोर-केत चौतीसच्या आसपास. तो हसत होता की नाही तेही सांगता येतं.

याच पट्ट्यातल्या केसलापूरच्या जत्रेत, पौष अमावास्येच्या नागोबाच्या पूजेनंतर, गोंडांच्या मेस्राम कुळातल्या नव्या सुनांची देवाशी भेट घालून देतात. ‘भेटिंग’ म्हणतात त्याला. ती झाली की सून कुळात मोजली जाते. लग्नाचं शूटिंगही एक प्रकारची मोजदादच आहे, त्या दिवशी त्या छपराखाली कोण कोण होतं याची. पत्रिकेवर नावं असतात, आहेराच्या वहीत आकडे असतात, चेहरे फक्त कॅमेऱ्याकडे असतात.

तेव्हा वहीच्या मागच्या पानावरचा हिशेब असा सुटतो. आधी दिवे बदलावेत. हॅलोजन उतरवून मऊ उजेडाचे एलईडी घ्यावेत, म्हणजे माणसं डोळे उघडे ठेवतील. मग कमी उजेडात पाहणारी मोठी चिप आणि स्वच्छ लेन्स. मग आहेराची नावं नीट टिपणारा मायक. मग मूळ शूटिंग ठेवायला दोन हार्ड डिस्क, एक दुकानात आणि एक घरी. ठिपक्यांची संख्या या सगळ्यानंतर. ती वाढवावी, जरूर वाढवावी, पण वाढवून नवरीच्या चेहऱ्याच्या आणखी जवळ जायचं कारण नाही. एक कॅमेरा तिवईवर चढवून मांडवाच्या कोपऱ्यात उंचावर ठेवावा, तोंड पाहुण्यांकडे करून, आणि अंतरपाट खाली येईपर्यंत त्याला हात लावू नये. त्या सेकंदाला सगळ्यांच्या नजरा समोर असतात आणि शेवटची रांग टाचा उंचावून उभी राहते. सगळे चेहरे एकाच वेळी वर आलेले असतात, असं दिवसभरात एकदाच होतं.